क्लॉडिया जेनिंग्ज : प्लेबॉयनं घडवली की अडवली?

रिळवाला
परवा रात्री 'द ग्रेट टेक्सास डायनामाइट चेस' (१९७६) पुन्हा पाहिला. तुरुंगातून पळालेली कँडी (क्लॉडियाच) घरची शेती वाचवायला डायनामाइटच्या कांड्या दाखवून बँका लुटत सुटते. सिनेमा यथातथाच, पण क्लॉडिया पडद्यावर असेपर्यंत नजर हलत नाही.

मूळची मिनेसोटातली मेरी आयलीन चेस्टर्टन. शिकागोत 'प्लेबॉय' या पुरुषांच्या मासिकाच्याच ऑफिसात रिसेप्शनिस्ट होती. नोव्हेंबर १९६९ च्या अंकात तिचे फोटो आले, १९७० ची 'प्लेमेट ऑफ द इयर' (मासिकाची वर्षातली अव्वल मॉडेल) ठरली आणि मग दहा वर्षं ड्राइव्ह-इन थिएटरांसाठी (गाडीत बसून सिनेमा बघायची ती) काढलेले स्वस्तातले मारधाडपट. ३ ऑक्टोबर १९७९ ला मालिबूत मोटार अपघातात गेली. वय २९.

माझं मत : मासिकानं दार उघडलं खरं, पण मागचं. पुढच्या दारातून तिला कुणी घेतलंच नाही. तुम्हाला काय वाटतं?

मॅटिनीवाली
साफ नामंजूर. 'मागचं दार' म्हणताना ड्राइव्ह-इनला आपण मोरीची पायरी दाखवतोय. त्या धंद्यात ती हिरॉइन होती, कुणाची बहीण किंवा मैत्रीण नव्हे. 'अनहोली रोलर्स' (१९७२) बघा. मांजरांच्या खाण्याचे डबे भरणाऱ्या कारखान्यातली नोकरी लाथाडून रोलर डर्बीत (चाकांच्या बुटांवरचा धक्काबुक्कीचा खेळ) शिरते, आणि तिथंही कुणाशी पटवून घेत नाही. इतकी आडमुठी, न आवडणारी बाई त्या काळी मोठ्या स्टुडिओनं मध्यभागी ठेवली असती? (त्या सिनेमाच्या संकलनावर देखरेख दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीची होती, जाता जाता.)

खडूस काका
ताई, आडमुठी बाई मध्यभागी होती हे मान्य. पण दर वीस मिनिटांनी तिचे कपडे उतरवायचे, हा हिशेबही त्याच धंद्याचा. तिकीट पोस्टरवर विकलं जायचं आणि पोस्टर विकलं जायचं प्लेमेट या बिरुदावर. 'गेटर बेट'मध्ये (१९७४) लुइझियानाच्या दलदलीत होडी हाणणारी, शिकार करणारी पोरगी आहे ती. संवाद मोजके. कॅमेरा मात्र बंदुकीपेक्षा मांड्यांवर जास्त. याला सक्षमीकरण म्हणायचं असेल तर आमचा रामराम.

मॅटिनीवाली
सक्षमीकरण हा शब्द मी काढलाच नाही, काका. मी म्हणतेय, काम दिसतं. तेवढ्याच मोजक्या संवादांत ती चिडते, घाबरते, हिशेब मांडते, सगळं चेहऱ्यावर. कॅमेरा कुठं लावायचा हे ती ठरवत नव्हती.

रिळवाला
हेच तर म्हणतोय मी! ते ठरवता येईल अशा जागी तिला पोचू दिलं नाही. 'चार्लीज एंजल्स' या टीव्ही मालिकेत केट जॅक्सनच्या जागी तिचं नाव चर्चेत होतं. जागा मिळाली शेली हॅकला. प्लेबॉय आड आलं, असं म्हणतात.

अर्धवटराव
'म्हणतात' वर खटला उभा करू नका राव. १९७३ मध्ये 'द ब्रॅडी बंच'सारख्या अगदी घरगुती मालिकेत ती पाहुणी होती, तेव्हा कुणाला विटाळ झाला नव्हता.

खडूस काका
एका भागाची पाहुणी आणि दर आठवड्याला घरात येणारी नायिका यांत फरक असतो. जेवायला बोलावणं वेगळं, सून करून घेणं वेगळं.

अर्धवटराव
😂 हे मान्य. तरी माझा मुद्दा वेगळा आहे. अभिनेत्री पॅम ग्रिअर घ्या. तीही असल्याच स्वस्त सिनेमांच्या कारखान्यातली, 'कॉफी' (१९७३), 'फॉक्सी ब्राउन' (१९७४). तिलाही मधली बरीच वर्षं ढंगाचं काम नव्हतं. 'जॅकी ब्राउन' आला १९९७ ला. म्हणजे तिच्या पोस्टरांवर वाढलेलं पोर (टॅरँटिनो) दिग्दर्शक होईपर्यंत तिला थांबावं लागलं. क्लॉडियाला थांबायला वर्षंच मिळाली नाहीत. आपण अर्ध्यात बंद पडलेल्या रिळावरून शेवट सांगतोय.

मॅटिनीवाली
आणि वळण दिसायलाही लागलं होतं. शेवटच्या वर्षातला 'फास्ट कंपनी' (१९७९) दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्गचा आहे, मोटार शर्यतींवरचा. तिथं ती नुसती शोभेला नाही.

रिळवाला
तो पाहिलाय. छोटीशी भूमिका आहे हो, सगळा जीव गाड्यांवर. पण अर्धवटरावांचा मुद्दा लागला. 'घेतलंच नाही' मधला 'च' मागे घेतो. 'घेतलं नाही' तसंच राहू द्या.

खडूस काका
'च' गेला म्हणून प्लेबॉय सुटलं असं समजू नका. 'अनहोली रोलर्स' मी पाहिलेला नाही, रविवारी बघतो. मांजराच्या डब्यांसाठी.