कॅटमरॅन उलटण्याबद्दल थोडं
कॅटमरॅन म्हणजे दोन समांतर सांगाडे जोडून केलेली शिडाची बोट. तिला खाली वजनदार कील (बोट उलटू नये म्हणून तळाला असलेलं जड पातं) नसतो म्हणून लांबच्या शर्यतीला ती धोक्याचीच, असं काही जण म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. कील नाही म्हणूनच तर ती हलकी असते आणि सुसाट पळते. एकदा उलटली की आपणहून सरळ होत नाही हे खरं, पण सहसा बुडतही नाही, उलटी तरंगत राहते.

खरी भीती मागून येणाऱ्या मोठ्या लाटांची, बोट लाटेवरून घसरत खाली येते, पुढची दोन्ही टोकं पाण्यात घुसतात आणि मागचा भाग उचलला जाऊन अख्खी बोट कोलांटी खाते. अशा वेळी वेग कमी करता येणं हेच खरं कसब, असं माझं ठाम मत. १९९४ साली पीटर ब्लेक आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या दर्यावर्दींची एन्झा ही कॅटमरॅन जगप्रदक्षिणा संपवत फ्रान्सजवळ आली तर तिथे वादळ, मग त्यांनी मागे जाड दोर सोडून बोट अक्षरशः ओढून धरली, तेही सर्वात वेगवान जगप्रदक्षिणेचं रेकॉर्ड अगदी हाताशी आलेलं असताना! तरी ७४ दिवस २२ तासांत पोचले. काय धीर लागत असेल!! २००५ मध्ये ब्रूनो पेरॉनच्या ऑरेंज २ ने, तीही कॅटमरॅनच, हाच वेळ ५० दिवसांवर आणला. त्यानंतर मात्र हा रेकॉर्ड ट्रायमरॅनवाल्यांकडे (तीन सांगाड्यांच्या बोटींकडे) गेला.