दूध बंद, मग प्रोटीन पावडर कोणती? (बी विंगचा ग्रुप, रविवार दुपार)

रोहन, बी-५०४: नमस्कार. प्रश्न जरा वेगळा आहे, चालत नसेल तर सांगा. मी दूध-दही पूर्ण सोडलंय, त्यामुळे व्हे प्रोटीन बाद. तीन पावडरी बघून ठेवल्यात: नुसती मटाराची, नुसती ब्राऊन राईसची आणि दोन्ही एकत्र असलेली. तिसरी जवळजवळ दीडपट महाग आहे, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘कंप्लीट अमिनो ॲसिड प्रोफाइल’. जिममधला ट्रेनर म्हणतो, वनस्पतींच्या प्रोटीनमध्ये अर्धी अमिनो ॲसिडं नसतातच. कुणी वापरतंय का?

कुलकर्णी काका, बी-१०२: आमच्या वेळी शेंगदाणे-गूळ खाऊन पोरं कुस्त्या मारायची.

मीनल, बी-३०३: काका, त्यांच्या घरी म्हशीही होत्या 😄

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी धुणार, पाणी बंद राहील. कृपया नोंद घ्यावी. चर्चा चालू द्या.

सायली, बी-६०१: रोहन, ट्रेनरला सांग की ते चूक आहे. अमिनो ॲसिडं म्हणजे प्रोटीनचे सुटे भाग. त्यातली शरीराला स्वतः बनवता येत नाहीत अशी ९. मटार, तांदूळ, सोया, तूर, ज्वारी, कशातही बघ, नऊच्या नऊ असतात. प्रश्न असतो तो कुठलं किती आहे याचा. खरोखर एखादं गायबच आहे असं उदाहरण हवं असेल तर कोलॅजेन. त्यात नऊपैकी ट्रिप्टोफॅन नसतं. आणि ते तर प्राण्यांचंच.

मीनल, बी-३०३: थांब, कोलॅजेन प्राण्यांचं? माझ्या डब्यावर ‘मरीन’ लिहिलंय, मला वाटलं समुद्री शेवाळ.

सायली, बी-६०१: मासे. कातडी आणि खवले.

मीनल, बी-३०३: सासूबाईंना हे कुणी सांगू नका प्लीज.

देशपांडे सर, बी-४०१: सायली, प्रमाणाचं जरा आकड्यांत सांगशील का? ‘कमी आहे’ म्हणजे कशाच्या तुलनेत कमी?

सायली, बी-६०१: सांगते सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात मोठ्या माणसासाठी एक नमुना दिलाय. १ ग्रॅम प्रोटीनमध्ये लायसिन (नऊपैकी एक) ४५ मिलिग्रॅम हवं, मेथिओनिन (हेही नऊपैकी) आणि त्याच्या जोडीने मोजलं जाणारं सिस्टिन मिळून २२. वनस्पतींच्या बाबतीत गाडी अडते ती बहुतेक या दोन ठिकाणी.
राईस प्रोटीनमध्ये लायसिन ३० च्या आसपास, म्हणजे गरजेच्या दोन-तृतीयांश. पण मेथिओनिन-सिस्टिन ४५ च्या पुढे, दुपटीहून जास्त. मटाराचं उलटं: लायसिन ७० च्या वर आणि मेथिओनिन-सिस्टिन २० च्या आगेमागे, जेमतेम काठावर.
आता ७० टक्के मटार, ३० टक्के राईस असं मिसळून बघा. लायसिन ६० च्या घरात, दुसरी जोडी २८ च्या. दोन्ही पास. रोहनच्या महागड्या पाकिटातली जादू एवढीच.

देशपांडे सर, बी-४०१: आणि सोया?

सायली, बी-६०१: सोया एकटंच पास होतं. लायसिन ६० च्या पुढे, दुसरी जोडी २५ च्या आसपास. प्रोटीनची प्रत मोजायचा पीडीसीएएएस नावाचा गुणांक आहे, १९९१ पासून वापरात. पचनाचा हिशोबही त्यात धरतात आणि कमाल गुण १. सोया आयसोलेट (सोयातून वेगळं काढलेलं प्रोटीन) १ च्या अगदी जवळ जातं, मटार साधारण ०.८ ते ०.९, राईस ०.५ च्या आसपास, गव्हाचं ग्लुटेन ०.२५.

रोहन, बी-५०४: म्हणजे राईसवाली रद्द?

सायली, बी-६०१: एकटी घेणार असशील तर रद्द. पण या गुणांकाची गोम अशी की तुम्ही दिवसभर दुसरं काही प्रोटीन खातच नाही असं तो धरून चालतो. तू वरण खातोस ना? तुझं वजन किती?

रोहन, बी-५०४: ६८.

सायली, बी-६०१: मग लायसिनची गरज दिवसाला साधारण २ ग्रॅम (किलोमागे ३० मिलिग्रॅम). ५० ग्रॅम सुके सोया चंक्स घेतलेस तर २६ ग्रॅम प्रोटीन आणि लायसिन दीड ग्रॅमच्या वर. त्यात दोन्ही वेळची डाळ-उसळ धर. लायसिन कुठेच कमी पडत नाही. पिठलं-भाकरी, वरण-भात, मेतकूट-भात, सगळीकडे तेच मटार-राईसचं गणित आहे. एकाच घासात दोन्ही हवंत असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं.
त्यामुळे ‘कंप्लीट’ या छपाईसाठी दीडपट पैसे माझ्या मते देऊ नकोस. नुसती मटाराची घे आणि रोज पोळी-भात खा, तांदळाचा वाटा तिथून मिळतोच.

प्रसाद, बी-२०२: सोया नको रे रोहन, पुरुषांनी खाऊ नये म्हणतात. हार्मोनचं लफडं होतं.

सायली, बी-६०१: प्रसाददादा, पुरुषांवर झालेल्या चाचण्या एकत्र करून २०१० मध्ये आणि परत २०२१ मध्ये तपासल्यात. टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही.

पाटील मावशी, बी-२०४: मला थायरॉइडची गोळी आहे गं. सोया चालेल?

सायली, बी-६०१: मावशी, सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर लागतं. किती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. गोळी उपाशीपोटीच घेताय ना?

पाटील मावशी, बी-२०४: चहाबरोबर घेते 🙈

सायली, बी-६०१: मावशी!! उद्यापासून पाण्याबरोबर, आणि चहा नंतर.

देशपांडे सर, बी-४०१: माझी शंका वेगळी. पाकिटावर २४ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय म्हणजे आत २४ ग्रॅम असतं का? आम्ही कॉलेजात केल्डाल पद्धतीने नमुन्यातला नायट्रोजन काढायचो आणि ६.२५ ने गुणून प्रोटीन किती ते ठरवायचो.

सायली, बी-६०१: सर, अगदी वर्मावर बोट. लॅबमध्ये अजूनही बऱ्याचदा तेच करतात. यंत्राला नायट्रोजन कळतो, तो कुठून आला ते कळत नाही. ग्लायसिन किंवा टॉरिनसारखं नायट्रोजन असलेलं स्वस्त अमिनो ॲसिड मिसळलं की कागदावर प्रोटीन वाढतं. २००८ मध्ये चीनमध्ये दुधाच्या पावडरीत मेलामाईन (भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन) घातलं होतं ते याच कारणासाठी. तान्ही बाळं दगावली त्यात. आपल्याकडेही २०२४ मध्ये भारतीय बाजारातली ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास ७० टक्क्यांमध्ये प्रोटीनची माहिती चुकीची निघाली.

कुलकर्णी काका, बी-१०२: म्हणून म्हणतो, शेंगदाणे.

सायली, बी-६०१: काका, शेंगदाण्यांत १०० ग्रॅममागे प्रोटीन २५ ग्रॅम आणि तेल जवळपास दुप्पट. कुस्ती मारणार असाल तर जरूर खा 😀

रोहन, बी-५०४: मग पाकिटावर बघू काय?

सायली, बी-६०१: आधी भागाकार कर: स्कूपमधलं प्रोटीन भागिले स्कूपचं वजन. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ म्हणजे ८० टक्के, छान. ३५ मध्ये २० असेल तर उरलेलं काय ते वाच. किंमतही किलोवर बघू नकोस, १ ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते काढ. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलेलं असेल तर ठेव परत. नऊही अमिनो ॲसिडांचा तक्ता मिलिग्रॅममध्ये छापलेला हवा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचं स्वतःचं मिश्रण) एवढंच लिहून मोकळे झाले असतील तर मटार किती, राईस किती हे तुला कधीच कळणार नाही.
आणि त्या बॅचचा जड धातूंचा रिपोर्ट माग. भाताचं पीक जमिनीतलं आर्सेनिक ओढून घेतं, कोकोमध्ये कॅडमियम येऊ शकतं. म्हणजे चॉकलेट फ्लेवरची राईस पावडर दोन्हीकडून संशयित.

मीनल, बी-३०३: हिरवा ठिपका असला की व्हीगन ना, म्हणजे दूधसुद्धा नसलेलं?

सायली, बी-६०१: नाही. दूध शाकाहारी धरतात, त्यामुळे व्हेवरही हिरवाच ठिपका. व्हीगनचा लोगो वेगळा आहे, हिरवा व्ही आणि त्यावर पान. त्याचे नियम २०२२ मध्ये आले. वरून व्हिटॅमिन डी३ घातलेलं असेल तर तेही बघ, ते बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून करतात.

प्रसाद, बी-२०२: बाबांना पण देऊ का? ७२ वय, पाय बारीक झालेत.

सायली, बी-६०१: या वयात प्रोटीन थोडं जास्त लागतं हे खरं, आणि सगळं रात्रीच्या जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळा वाटून दिलेलं बरं. पण क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी तपासलंय? किडनीचं काही असेल तर पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आधी तपासणी, मग बोलू.

रोहनची आई, बी-५०४: सायली, आयसीएमआरने (ती सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) पावडरी घेऊ नका म्हटलंय ना? मी पेपरात वाचलं होतं.

सायली, बी-६०१: हो काकू, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. शरीर कमावण्यासाठी सप्लिमेंट टाळा, असं. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं, रोहनला ५६-५७. जिमवाल्यांना जास्त सांगतात, १.४ च्या पुढे, म्हणजे ९५. तेवढं डाळ-उसळीतून काढायचं तर ताट फार मोठं होतं, म्हणून एक स्कूप ठीक आहे. दोन-तीन नकोत. त्यापेक्षा बी१२ ची काळजी करा. शाकाहारी माणसाने दूधही सोडल्यावर ते रोजच्या जेवणातून जवळजवळ मिळतच नाही. गोळी घेतोय का तो?

रोहनची आई, बी-५०४: रोहन?

रोहनची आई, बी-५०४: ब्लू टिक दिसतेय मला.

रोहन, बी-५०४: उद्या तपासून येतो. सायलीताई, मटाराची मागवतोय, बिनफ्लेवरची.

सायली, बी-६०१: आधी सर्वांत लहान पाकीट घे. चव खडूसारखी असते, अख्खा डबा पडून राहतो.

मीनल, बी-३०३: माझ्यासाठीही एक टाक रे. पैसे लगेच पाठवते. पार्सल वॉचमनकडे ठेवायला सांग, आमच्या बेलला करंट नाही.