मुलांनी आपली भांडणे आपणच सोडवावीत, हे शाळेत शिकवावे का?

कोथरूडकर पालक:
आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'बॅट माझी, म्हणून पहिली बॅटिंगही माझीच' यावरून रोज खेळ मोडतो. मग कोणाची तरी आई गॅलरीतून निकाल देते. भांडण मिटते, पण ते मिटवायचे कसे, हे कोणीच शिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत समस्या सोडवणे आहे. मग शाळेच्या वेळापत्रकात त्याला जागा का नसावी?

सदाशिव पेठेतले आजोबा:
वाड्याच्या चौकात आम्ही भांडलो, कट्टी घेतली आणि दुसऱ्या दिवशी बट्टीही केली. त्यासाठी तासिका लागली नाही. आता याचेही वर्कबुक निघेल आणि पाठोपाठ क्लासही.

बालवाडीताई, धनकवडी:
आजोबा, त्या चौकात दांडगटाचाच शब्द चालत असे आणि धाकटे कायमचे लिंबूटिंबू राहत, हेही आठवावे. अमेरिकेत मायर्ना शुर आणि जॉर्ज स्पिव्हॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात बालवाडीच्या मुलांसाठी जी पद्धत आखली, तिच्यात मोठ्यांनी उत्तर सुचवायचेच नसते. 'आणखी काय करता येईल?' आणि 'तसे केलेस तर पुढे काय होईल?' एवढेच विचारत राहायचे असते. माझ्या वर्गात तीनचाकी सायकल एकच आहे. ती हवी असलेला मुलगा आधी म्हणाला, 'ढकलीन', मग म्हणाला, 'बाईंना सांगीन', आणि बऱ्याच वेळाने त्याला सुचले, 'मी मागून ढकलतो, मग तू मला ढकल.' हे वर्कबुकातून येत नाही, हे मात्र तुमचे खरे.

हडपसरची आई:
सायकलीपुरते ठीक आहे. माझ्या मुलीचा डबा स्कूल व्हॅनमध्ये दोन मोठ्या मुली रोज रिकामा करत होत्या, आणि तक्रार केल्यावर शाळेने 'मुलींना आपसात बोलून मार्ग काढू द्या' असे सुचवले. जिथे एका बाजूला धाक आहे, तिथे हे कौशल्य शिकवणे म्हणजे मार खाणाऱ्यावरच जबाबदारी ढकलणे होय.

बालवाडीताई, धनकवडी:
ते भांडण नव्हे, तो छळ आहे, आणि तिथे मोठ्यांनी मध्ये पडलेच पाहिजे.

हडपसरची आई:
हा फरक ओळखणार कोण? व्हॅनच्या काकांना तो कळत नव्हता, वर्गशिक्षिकांनाही नाही. तेव्हा तासिका ठेवायचीच असेल, तर पहिली त्यांची ठेवा.