मदत हवी आहे: वडिलांच्या किडनीत गाठ, ऑपरेशन करावं का?

खानापूरचा पोरगा
वडील ७६. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर डाव्या किडनीत गाठ. सीटीत 'कॅन्सरची शक्यता जास्त' लिहिलंय. डॉक्टर म्हणाले किडनी काढू, सोमवारपर्यंत कळवा. बाबा म्हणतात, 'पेरणी होऊ दे, मग बघू.' आई तीन दिवस धड जेवली नाही. करावं की नको, एवढंच सांगा.

निपाणीकर
गाठ किती सेंटीमीटर? रक्तातलं क्रिएटिनिन किती (किडनीचं काम कमी झालं की ते वाढतं)? शुगर-बीपी? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

अनगोळची ताई
काढून टाका बघा. माझ्या सासऱ्यांची २०१९ ला काढली. आता रोज सायकलवरून दूध आणतात. माणसाला एक किडनी पुरते.

निपाणीकर
ताई, उरलेली चांगली असेल तर पुरते. सासऱ्यांना शुगर होती?

अनगोळची ताई
नव्हती. पण कॅन्सर अंगात ठेवून झोप लागते का माणसाला?

चिकोडी७१
रोज सकाळी कुळथाचं कढण द्या. माझा ९ मिलिमीटरचा खडा पडला.

अनगोळची ताई
अहो, त्यांना मुतखडा नाही, गाठ आहे!

खानापूरचा पोरगा
घाईत लिहिलं, माफ करा. गाठ ३.१ सेंमी. क्रिएटिनिन १.९. शुगर २२ वर्षं, बीपी आहे. आणि हो, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय.

निपाणीकर
मग चित्रच बदललं की. १.९ म्हणजे या वयात किडन्यांचं काम निम्म्याच्याही खाली आलंय. अख्खी किडनी काढली तर पुढं डायलिसिसची वेळ येऊ शकते. चार सेंटीमीटरच्या आतली गाठ बहुतेक वेळा सावकाश वाढते, आणि अशा पाचांतली साधारण एक कॅन्सरची निघतच नाही. माझ्या आईला ७९ व्या वर्षी हेच झालं. आम्ही दर सहा महिन्यांनी स्कॅन करत राहिलो, तीन वर्षांत गाठ ४ मिलिमीटर वाढली. डॉक्टरांना विचारा: आधी बायोप्सी होईल का? फक्त गाठ काढता येईल का? सुईनं जाळता येईल का? नुसतं लक्ष ठेवलं तर? सोमवारच्या आत युरॉलॉजिस्ट, किडनीचे आणि हृदयाचे डॉक्टर, तिघांचं मत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

शहापूरकर
खर्चाचं काय? महाराष्ट्रानं महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलीय. गाव यादीत असेल तर कोल्हापूरला चौकशी करा.

चिकोडी७१
इकडचं आरोग्य कर्नाटक कार्ड असताना तिकडं कशाला? १९५६ पासून आपण दोन्हीकडून नुसती आश्वासनंच...

निपाणीकर
तो विषय दुसऱ्या धाग्यावर. पोरा, बाबांच्या सगळ्या गोळ्या एकदा बघून लिही. दुकानातून आणलेल्यासुद्धा.

खानापूरचा पोरगा
आत्ता गोळ्यांचा डबा उपडा केला. श्रीखंडाचा जुना डबा आहे. शुगरच्या दोन, बीपीची एक, स्टेंटच्या दोन. तळाला डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी. गुडघ्यासाठी मेडिकलमधून स्वतःच आणतात, रोज एक. वर्ष झालं म्हणे. आम्हाला पत्ताच नाही.

निपाणीकर
त्या गोळीनं किडनी आणखी खराब होते. आजपासून बंद, गुडघ्याला दुसरं काय ते डॉक्टर देतील. क्रिएटिनिन थोडं खाली येतंय का, ते पुन्हा तपासायला लावा, त्यावरही निर्णय फिरू शकतो. ती पट्टी फाइलीत घाला, सोमवारी डॉक्टरांपुढं पहिली तीच ठेवा.

खानापूरचा पोरगा
घातली. उद्या सकाळच्या बसनं बाबांना घेऊन बेळगावला निघतोय, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं.