मिरजेला तंबोरा शिकायला येणारे पाहुणे : व्हिसा, फॉर्म सी आणि पुढची परमिटं

सी-४०१ : सोसायटीच्या ग्रुपवरच्या मंडळींना नमस्कार. ऑगस्टच्या शेवटी आमच्याकडं जर्मनीहून एक जोडपं येणार आहे, मुलाच्या ओळखीचं. तीन आठवडे मुक्काम आमच्या फ्लॅटवरच. रोज मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोरा कसा बनतो ते बघायचं, जमेल तेवढं हातानं करून शिकायचं. तिथून लेह, नुब्रा, पँगाँग आणि ऑक्टोबरमध्ये सिक्कीम. शिकायला येतात म्हणजे स्टुडंट व्हिसा लागेल असं एकानं सांगितलंय. खरं का? आणि सोसायटीचं पत्र वगैरे लागतं का?

ए-३०४ : दादा, स्टुडंट व्हिसा लागत नाही. ई-टुरिस्ट व्हिसावर संगीत, नृत्य, हस्तकला, स्वयंपाक, स्थानिक भाषा असलं अल्पमुदतीचं शिक्षण चालतं. अटी दोनच. कोर्स सहा महिन्यांच्या आतला हवा, आणि पदवी-डिप्लोमासारखं पात्रता देणारं सर्टिफिकेट मिळणारा नको. कारागिराच्या शेजारी बसून शिकणं यात बसतं. मात्र त्यांनी तिथं मजुरी घेऊन काम केलं, किंवा इथं पैसे घेऊन कार्यक्रम केला, तर ते टुरिस्ट व्हिसात बसत नाही.

ए-३०४ : आता कुठला ई-टुरिस्ट ते बघू. तीन प्रकार आहेत. ३० दिवसांचा, एक वर्षाचा, पाच वर्षांचा. तुमचे पाहुणे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर म्हणजे ३० दिवसांत भागणार नाही, आणि ३० दिवसांचा वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका. सरळ एक वर्षाचा काढायला सांगा. बऱ्याच देशांना त्याची फी ४० डॉलर आहे, पाच वर्षांची ८०. ३० दिवसांचा जुलै ते मार्च २५ डॉलर आणि एप्रिल ते जून १० डॉलर. फी देशाप्रमाणं बदलते, वर बँकेचा चार्ज पडतो. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही.

बी-२०३ : पाच वर्षांचा काढला तर सलग पाच वर्षं राहता येतं का?

ए-३०४ : नाही ताई. येणं-जाणं कितीही वेळा, पण एका कॅलेंडर वर्षात भारतातला एकूण मुक्काम १८० दिवसांच्या वर जाता कामा नये. आणि एक-पाच वर्षांची मुदत मोजतात ती मंजुरीच्या तारखेपासून. ३० दिवसांचा मोजतात तो भारतात उतरल्या दिवसापासून. त्या ३० दिवसांवाल्या कागदावर ‘एक्सपायरी’ म्हणून जी तारीख असते, ती भारतात शिरायची शेवटची तारीख असते. लोक ती परत जायची तारीख समजतात आणि हिशेब चुकतो.

सेक्रेटरी : अर्ज कुठं करायचा ते पण लिहा. नेटवर शोधलं की दहा साइट येतात.

ए-३०४ : हेच सगळ्यात महत्त्वाचं. सरकारी साइट एकच, इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन. पत्ता ‘गव्ह डॉट इन’वर संपला पाहिजे. तसल्याच दिसणाऱ्या खासगी साइट वर जाहिरातीत दिसतात आणि ४० डॉलरचे कैक पट घेतात. पाहुण्यांना लिंक तुम्हीच पाठवा, त्यांना शोधायला लावू नका.
एक वर्षाचा अर्ज येण्याआधी १२० दिवसांपासून करता येतो, कमीत कमी चार दिवस आधी. चार दिवसांवर ठेवू नका, महिनाभर आधी करू द्या. पासपोर्ट भारतात उतरल्या दिवसापासून सहा महिने तरी चालू हवा आणि दोन पानं कोरी हवीत. फोटो चौकोनी, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून. पासपोर्टचं माहितीचं पान पीडीएफमध्ये, ३०० केबीच्या आत. मोबाईलवरून स्कॅन केलं की फाइल हमखास मोठी होते आणि साइट घेत नाही, तेव्हा आधी लहान करून घ्यायची.

ए-३०४ : फॉर्ममध्ये आईवडिलांची नावं व जन्मगाव, गेल्या दहा वर्षांत फिरलेले देश, सार्क देशांत गेल्या तीन वर्षांत गेले असतील तर ते, आणि भारतातल्या एका माणसाचं नाव-पत्ता-फोन विचारतात. तो भारतातला माणूस म्हणजे दादा तुम्ही. पिनकोडसकट पूर्ण पत्ता त्यांना आत्ताच पाठवून ठेवा. पैसे भरल्यावर स्टेटस बदलायला दोन तासांपर्यंत लागू शकतात. घाईनं पुन्हा पुन्हा भरू नये. पैसे भरायचा प्रयत्न तीनदाच्या वर फसला की तो अर्ज क्रमांकच बंद होतो आणि सगळं नव्यानं.

सी-४०१ : त्यांच्या आडनावात वर दोन टिंबं असलेलं ते जर्मन अक्षर आहे. ते कसं भरायचं?

ए-३०४ : बरं झालं विचारलंत. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर अगदी तळाला दोन ओळी असतात, बाणांसारख्या चिन्हांनी भरलेल्या. विमानतळावरचं मशीन तेच वाचतं. वर ‘म्युलर’ टिंबांसकट छापलेलं असलं तरी तळाच्या ओळीत ‘यू’च्या जागी ‘यू’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरं असतात. फॉर्ममध्ये तळच्या ओळीप्रमाणं भरायचं. त्या ओळीत आधी आडनाव, मग दोन बाण, मग सगळी नावं. मधलं नाव गाळलं की व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाही.
दुसरं, जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात ‘ओ’ हे अक्षर वापरतच नाहीत. गोल दिसलं की ते शून्य. इथं टाइप करणारा ‘ओ’ मारतो आणि पुढं पोलिसांच्या सिस्टीममध्ये माणूस सापडत नाही.

बी-१०२ : वरचं सगळं बरोबर. सेक्रेटरीसाहेब, सोसायटीचं पत्र लागत नाही, पण घरमालकाची एक जबाबदारी आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. घरी परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन माहिती द्यायची. याला लोक फॉर्म सी म्हणतात. हे फक्त हॉटेल-लॉजला आहे असा समज आहे, तो चुकीचा. पैसे न घेता घरी उतरवलेल्या पाहुण्यालाही लागू आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला, १९४६ चा जुना फॉरेनर्स ॲक्ट गेला. नव्या कायद्यातही हे बंधन आहे.

सी-४०१ : काका, २४ तास कधीपासून? ते पहाटे मुंबईत उतरून एक दिवस तिथंच हॉटेलात राहणार आहेत.

बी-१०२ : तुमच्या घरी पोचल्यापासून. मुंबईचा फॉर्म ते हॉटेल भरेल. तुमचा वेगळा. मधेच ते दोन दिवस हंपीला जाऊन हॉटेलात राहिले आणि परत तुमच्याकडं आले, तर परत आल्याची नोंद पुन्हा करायची.
कसं करायचं ते सांगतो. इंडियनएफआरआरओ डॉट गव्ह डॉट इन या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी साइटवर फॉर्म सीचा विभाग आहे. तिथं आधी तुमच्या घराची नोंदणी करून युजर आयडी घ्यायचा. जिल्हा सांगलीच निवडा. आपल्याकडं परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, आणि काम बघते जिल्हा विशेष शाखा. चुकून मुंबई निवडलं की तुमची विनंती तिकडं जाऊन बसते. ही नोंदणी पाहुणे यायच्या निदान १५ दिवस आधी करून ठेवा, कारण त्याला मंजुरी लागते. पाहुणा दारात आल्यावर सुरुवात केली तर २४ तासांत उरकत नाही, सगळे तिथंच अडकतात.

बी-१०२ : आयडी मिळाला की पाहुणे आल्यावर भरायचं ते हे : नाव, राष्ट्रीयत्व, फोटो, पासपोर्ट क्रमांक, कुठं-कधी दिला, मुदत, व्हिसा क्रमांक, प्रकार, मुदत, भारतात कुठं आणि कधी उतरले, तुमच्याकडं कधी आले, कुठून आले, किती दिवस राहणार, पुढं कुठं जाणार, कारण काय. नवरा-बायकोचे दोन वेगळे फॉर्म. व्हिसा क्रमांकाच्या जागी लोक अर्जाचा क्रमांक टाकतात. दोन्ही एकाच कागदावर असतात, त्यामुळं घोळ होतो. व्हिसा क्रमांक तो मंजुरीच्या कागदावरचा, आणि विमानतळावर पासपोर्टवर मारलेल्या शिक्क्याशी ताडून घ्यायचा. उतरल्याची तारीखही शिक्क्यावरचीच घ्या, तिकिटावरची नको. रात्रीची फ्लाइट असली की तिकिटात एक दिवसाचा फरक पडतो.
भरून झालं की प्रिंट काढून फाइलला लावा. गेल्यावर गेल्याची नोंदही करा.

सेक्रेटरी : मग त्यांच्या पासपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकता का, म्हणजे वॉचमनलाही कळेल.

बी-१०२ : ग्रुपवर अजिबात नको. दुसऱ्याचा पासपोर्ट १२० मोबाईलमध्ये जाऊन पडायचं काही कारण नाही. वॉचमनला नाव आणि फ्लॅट नंबर पुरे. सोसायटीला हवी तर फॉर्म सीच्या प्रिंटची एक प्रत सेक्रेटरींच्या फाइलला द्या.

डी-५०२ : त्यांना उतरायला पुणे चालेल का? कोल्हापूर आपल्याला जवळ.

ए-३०४ : विमानानं यायचं तर ई-व्हिसावर ठरलेल्या विमानतळांवरूनच आत येता येतं. आपल्या बाजूला मुंबई, पुणे आणि गोव्याचे दोन्ही, दाबोळी आणि मोपा. इमिग्रेशन जिथं पहिल्यांदा होतं ती जागा महत्त्वाची. मुंबईत इमिग्रेशन करून पुढं देशांतर्गत विमानानं कोल्हापूरला यायला हरकत नाही. बाहेर जाताना कुठल्याही अधिकृत चेकपोस्टवरून जाता येतं.
आणि हो, १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांना ई-अरायव्हल कार्ड आहे. उतरायच्या आधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे. फ्लाइट नंबर आणि भारतातला पत्ता लागतो. हा व्हिसा नव्हे, विमानात मिळायच्या त्या कागदाच्या जागी आलंय. व्हिसा मंजुरीचा कागद मात्र प्रिंट करूनच जवळ ठेवायचा.

ए-३०४ : आता लेह-सिक्कीम. ई-व्हिसा असला तरी सीमेजवळच्या संरक्षित क्षेत्रात तेवढ्यावर जाता येत नाही, वेगळं परमिट लागतं. लेह शहराला लागत नाही. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरीला लागतं. परदेशी माणसानं एकट्यानं जाऊन मिळत नाही, लेहमधल्या नोंदणीकृत ट्रॅव्हल एजन्सीमार्फतच अर्ज होतो, आणि किमान दोघं लागतात. हे दोघं आहेत म्हणजे ती अडचण नाही. मुदत १५ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस उंचीची सवय व्हायला लेहमध्ये थांबायचंच असतं, त्यात एजन्सी परमिट काढून देते. पाच-सहा झेरॉक्स जवळ ठेवा, प्रत्येक चेकपोस्टला एक जाते आणि नुब्रात दुकानं शोधत बसावं लागतं.

ए-३०४ : सिक्कीमचं प्रवेश परमिट रंगपो चेकपोस्टवर पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो दाखवून मिळतं, फी नाही. गंगटोक, पेलिंग त्यावर होतं. त्सोम्गो तलाव आणि लाचुंग-युमथांगला वेगळं संरक्षित क्षेत्राचं परमिट, तेही स्थानिक एजंटमार्फत आणि दोघांच्या गटाला. नथुला आणि गुरुडोंगमार परदेशी नागरिकांना बंद आहे. दार्जिलिंगचा एखादा ड्रायव्हर ‘करून देतो’ म्हणाला तरी पैसे देऊ नका.

बी-२०३ : आमची नात अमेरिकन पासपोर्टवर आहे, पण ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते. तिला तर व्हिसाच नको. ती पण लडाखला जाणार म्हणते.

ए-३०४ : व्हिसा नको, पण पँगाँगला परमिट लागतंच. ओसीआयवाल्यांना संरक्षित क्षेत्रात सूट नाही. तिचं वय २० च्या आत असेल आणि पासपोर्ट नवा निघाला असेल, तर नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ओसीआयच्या साइटवर तीन महिन्यांत चढवायचा. त्याला फी नाही. २० पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट निघाला की एकदा कार्ड नव्यानं काढायचं.

डी-५०२ : ईशान्येला नागालँडचं काय? मधे परमिट काढून टाकलं होतं ना?

ए-३०४ : नागालँड, मणिपूर, मिझोरामची सवलत डिसेंबर २०२४ मध्ये मागं घेतली. आता परमिट लागतं. अरुणाचलला होतंच. जुने प्रवासाचे व्हिडिओ बघून बेत करू नका.

बी-१०२ : सामानाचंही सांगून ठेवा. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आणता येत नाही. ट्रेकवाले ते गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणतात, तेही त्यातच येतं. युरोपात ते दुकानात सहज मिळतं, म्हणून त्यांना यात गुन्हा वाटत नाही, आणि विमानतळावर पकडलं की सुट्टी पोलीस ठाण्यात जाते. तुमचे पाहुणे लडाखला जाणार, म्हणजे बॅगेत असू शकतं. आत्ताच विचारा. ड्रोन पण नको, २०२२ पासून परदेशातून आणायला बंदी आहे. ई-सिगारेट २०१९ पासून बंद.

ए-१०५ : तंबोरा घेऊन जाणार असतील तर माझं एक. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बिल घेताना कारागिराकडून त्याबद्दल विचारून घ्या. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, कशाची आहे ते मात्र नीट बघा. जुन्या वाद्यांना सांबरशिंगाची घोडी असते. वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, कस्टमला वाद्य अडकतं. लाकडी किंवा फायबरची घोडी बसवून घ्यायची आणि बिलावर तसं लिहून घ्यायचं. विमानाला फायबरचीच पेटी. भोपळा कापडी खोळीत टिकत नाही, आणि तडा गेला की आवाज गेला.

सी-४०१ : सगळ्यांचे मनापासून आभार. काका, मुदत संपून चार दिवस वर झाले तर काय होतं? सिक्कीमहून परतायला दरडी कोसळल्या तर म्हणून विचारतोय.

बी-१०२ : त्यांचा एक वर्षाचा असेल तर तो प्रश्नच येत नाही, म्हणूनच तो काढायचा. ३० दिवसांवाल्यांनी मात्र तसं होतंय असं दिसताच, मुदत संपायच्या आत ई-एफआरआरओ साइटवर अर्ज टाकायचा, कारणाचे पुरावे जोडून. रस्ता बंदची नोटीस, विमान रद्दचा मेसेज, जे असेल ते. मुदत संपल्यावर विमानतळावर जाऊन सांगू म्हटलं तर सोडत नाहीत, आधी एक्झिट परमिट म्हणजे देश सोडायची परवानगी लागते, त्याला दंड आणि दिवस दोन्ही जातात. नव्या कायद्यात विनापरवाना राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

सी-४०१ : समजलं. आज रात्रीच त्यांना साइटची लिंक, आपला पत्ता आणि सॅटेलाइट यंत्राचा मेसेज करतो. फॉर्म सीची नोंदणी शनिवारी करायला बसतो. काका, अकराला येऊ का तुमच्याकडं?

बी-१०२ : या. आधार, लाईट बिल आणि फ्लॅटचे कागद बरोबर आणा.