अण्वस्त्रबंदीसाठी विद्वानांच्या बैठका: हाती काय लागलं?

मृगनक्षत्र

अमेरिका आणि रशिया यांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपली. तळांवर जाऊन तपासणी करणं तर मार्च २०२० पासूनच बंद होतं. आधी महामारीचं कारण झालं, मग फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने करारातला सहभागच स्थगित केला. जगात आज सुमारे १२,००० अण्वस्त्रं आहेत आणि दहातली जवळजवळ नऊ अमेरिका आणि रशियाकडे आहेत. एकमेकांची अस्त्रं मोजू देण्याचं बंधन आता दोघांवरही नाही.

अशा काळात प्राध्यापकांनी आणि शास्त्रज्ञांनी सीमेपलीकडच्या समव्यवसायींशी बोलत राहणं म्हणजे वेळ दवडणं, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

पगवॉशची, म्हणजे अण्वस्त्रांच्या धोक्यावर बोलायला भरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या परिषदांची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. ९ जुलै १९५५ ला लंडनमध्ये अण्वस्त्रांच्या धोक्याचा इशारा देणारा रसेल-आइनस्टाइन जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यावर ११ सह्या होत्या. आइनस्टाइन यांनी सही केली ती मृत्यूच्या काही दिवस आधी. त्यातूनच जुलै १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश गावी १० देशांचे २२ शास्त्रज्ञ जमले. (ही पहिली बैठक खरं तर भारतात व्हायची होती, नेहरूंनी बोलावलं होतं. सुएझच्या संकटामुळे ते राहून गेलं.) १९४४ च्या अखेरीस अमेरिकेचा अणुबॉम्ब बनवणारा मॅनहॅटन प्रकल्प सोडून आलेल्या जोसेफ रॉटब्लाट यांनी हे काम आयुष्यभर सांभाळलं. १९९५ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि पगवॉशला मिळून दिलं गेलं.

पण नोबेल हा काही माझा पुरावा नाही. करकरालिंस्कला काय घडलं ते पाहा.

चाचण्यांवर संपूर्ण बंदी घालण्याविरुद्ध अमेरिकेत एक मोठा आक्षेप घेतला जाई: जमिनीखालचे लहान स्फोट खात्रीने पकडता येत नाहीत, आणि सोव्हिएत सरकार आपल्या भूमीवर परक्यांची उपकरणं बसवू देणार नाही. मे १९८६ मध्ये नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही अमेरिकेतली खासगी संस्था आणि सोव्हिएत विज्ञान अकादमी यांनी आपापसात करार केला. जुलैमध्ये अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ कझाकस्तानात करकरालिंस्कला पोचले आणि सेमिपालातिंस्क चाचणीक्षेत्रापासून सुमारे २०० किलोमीटरवर भूकंपमापक बसवून नोंदी घेऊ लागले. आक्षेपाचा दुसरा भाग तिथेच गळून पडला. पुढच्या वर्षी, ८ डिसेंबर १९८७ ला, मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला आणि त्यात एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करायची तरतूद आली. हे सगळं त्या भूकंपमापकांनी केलं असं मी म्हणत नाही. पण परक्यांना आत घेता येतं, त्याने आकाश कोसळत नाही, हे आधी शास्त्रज्ञांनी करून दाखवलं होतं.

त्याआधीचं उदाहरण सेंट लुइस शहरातलं. डिसेंबर १९५८ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. चाचण्यांच्या धुळीतलं स्ट्रॉन्शियम-९० गवतावर बसतं, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात जातं आणि कॅल्शियमसारखं वागत असल्यामुळे हाडांत, दातांत साठून राहतं. डॉ. लुईज राइस यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. एकूण ३ लाखांहून जास्त दात जमले. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेल्याचं त्यातून दिसलं. ५ ऑगस्ट १९६३ ला हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्या बंद करणारा करार झाला, त्यामागच्या लोकमतात या दातांचा वाटा आहे.

माझं म्हणणं एवढंच: दोन बाजूंचा एकमेकांवर विश्वास नसतानाही चालेल असं मोजमाप तयार ठेवणं, हे अभ्यासकांच्या संवादाचं खरं काम. राज्यकर्त्यांची इच्छा कधी होईल ते सांगता येत नाही. झालीच, तर मोजमाप त्या दिवशी हाताशी लागतं, आणि ते उभं करायला अनेक वर्षं जातात. म्हणून सरकारांचा अबोला असतानाच हे काम जोरात चालायला हवं.

सरळरेघ

लेख मनापासून लिहिला आहे, पण कार्यकारणभाव उलटा लावला आहे.

गोर्बाचेव्ह १९८५ मध्ये सत्तेवर आले, ऑगस्टमध्ये त्यांनी एकतर्फी चाचण्या थांबवल्या, आणि जगाला काहीतरी दाखवायची गरज त्यांना होती. म्हणून भूकंपमापक बसले. राज्यकर्ता बदलला नसता तर तेच शास्त्रज्ञ तीच उपकरणं घेऊन विमानतळावरून परतले असते.

क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांचं उदाहरण घ्या. हार्वर्डचे पॉल डोटी यांचा गट १९६४ पासून सोव्हिएत शास्त्रज्ञांना समजावत होता की असली संरक्षक ढाल शर्यत वाढवते. जून १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ग्लासबरो इथे अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी हेच सांगितलं तेव्हा सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन भडकले. अशा यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार व्हायला १९७२ उजाडलं आणि २००२ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. एवढ्या वर्षांच्या चर्चेचं फळ एका राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयाने गेलं.

आपल्या बाबतीत तर हिशेब आणखी स्पष्ट आहे. १९६४ च्या सुरुवातीला पगवॉशची परिषद उदयपूरला भरली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चीनने लोप नॉरला बॉम्ब उडवला. परिषदेतल्या कोणत्या ठरावाने तो थांबणार होता?

आणि युक्रेन. ५ डिसेंबर १९९४ चा, सुरक्षेची आश्वासनं देणारा बुडापेस्ट करारनामा घेऊन त्यांनी सोव्हिएत काळातली अस्त्रं सोडली. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. १९९३ मध्येच अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जॉन मिअर्शायमर यांनी युक्रेनने अण्वस्त्रं ठेवावीत असं मांडलं होतं. तेही विद्यापीठातलेच. तुम्ही 'अभ्यासक' म्हणता तेव्हा फक्त तुमच्या मताचे अभ्यासक मोजता.

मृगनक्षत्र

@सरळरेघ, युक्रेनच्या भूमीवर अस्त्रं होती, पण ती डागण्याचे संकेत मॉस्कोकडे होते. ती टिकवायला, नव्याने जुळवायला लागणारा खर्च आणि वेळ कोसळलेल्या अर्थव्यवस्थेकडे नव्हता. युक्रेनची फसवणूक झाली, हे खरंच. पण बुडापेस्टच्या कागदावर आश्वासनं होती, ती मोडल्यास काय करायचं याची यंत्रणा नव्हती. माझा आग्रह नेमका याच फरकासाठी आहे.

गोर्बाचेव्हबद्दल: परवानगी त्यांची, मान्य. पण प्रस्ताव त्यांच्यापर्यंत नेणारे येवगेनी वेलिखोव्ह हे अकादमीचे उपाध्यक्ष होते आणि अमेरिकन शास्त्रज्ञांना आधीपासून ओळखत होते. ती ओळख १९८६ च्या मे महिन्यात अचानक झालेली नव्हती.

कोरडी_विहीर

मी दोघांशीही असहमत आहे.

मृगनक्षत्र, तुम्ही करकरालिंस्कचं नाव घेतलंत आणि शेजारच्या माणसांचं घेतलं नाहीत. सेमिपालातिंस्कला १९४९ ते १९८९ या काळात ४५६ चाचण्या झाल्या. ते क्षेत्र बंद कुणी पाडलं? फेब्रुवारी १९८९ मध्ये ओल्झास सुलेमेनोव या कवीने हाक दिली, नेवाडा-सेमिपालातिंस्क चळवळ उभी राहिली, लाखोंनी सह्या केल्या, आणि २९ ऑगस्ट १९९१ ला ते क्षेत्र बंद झालं. भूकंपमापक जमिनीचा थरकाप मोजत होता. त्या जमिनीवर जन्मलेल्या आजारी मुलांना कुणी कुठल्या परिषदेत बसवलं?

१९६३ च्या कराराचंही तेच. चाचणी झाली का ते जागेवर जाऊन बघायच्या तपासण्या किती, यावर घोडं अडलं होतं: सोव्हिएत वर्षाला तीनपर्यंत आले होते, अमेरिका सातपर्यंत उतरली होती. पगवॉशमधल्या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये कुलूपबंद स्वयंचलित भूकंपनोंदणी पेट्यांची कल्पना सुचवली, तरी अंतर मिटलं नाही. शेवटी जमिनीखालच्या चाचण्या करारातून वगळल्या आणि पुढच्या काळात भूगर्भात हजाराहून जास्त स्फोट झाले. मोजमापाचा वाद घालता घालता मूळ मागणीच सुटली. धूळ दिसेनाशी झाली तशी लोकांची चीडही ओसरली.

उलट ७ जुलै २०१७ चा अण्वस्त्रबंदी करार बघा. ऑस्लो, नायारित आणि व्हिएन्नाच्या परिषदांमध्ये मध्यभागी हिबाकुशा होते, म्हणजे हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेले लोक. 'किती अस्त्रं ठेवायची' हा प्रश्नच त्यांनी बाजूला सारला आणि हे शस्त्र बेकायदा ठरवा म्हणाले. १२२ देशांनी होकार दिला. २२ जानेवारी २०२१ पासून करार लागू आहे.

सरळरेघ

१२२ पैकी अण्वस्त्रं असलेला एक तरी देश सांगा.

कोरडी_विहीर

एकही नाही. गुलामगिरीविरुद्धचे पहिले कायदे गुलामांच्या मालकांनी मागितले नव्हते.

कणाद

पडताळणीबद्दल वर जे लिहिलं आहे ते १९८० च्या दशकात थांबतं. पुढचं काम फार सुंदर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

आजवरच्या करारांनी मुख्यतः क्षेपणास्त्रं, विमानं, पाणबुड्या मोजल्या. खुद्द अण्वस्त्र नष्ट करायची वेळ येईल तेव्हा अडचण अशी, की समोर आणलेली वस्तू खरी की नकली हे ओळखायचं, पण आत डोकावायचं नाही. रचना गुप्त असते, आणि ती परीक्षकाला कळली तर त्यातून नवा बॉम्ब करणारा तयार होईल.

२०१४ मध्ये प्रिन्स्टनच्या अलेक्झांडर ग्लेझर आणि रॉबर्ट गोल्डस्टन यांनी, संगणकशास्त्रज्ञ बोआझ बराक यांच्यासह, एक मार्ग मांडला. वस्तूवर न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि मागे पलीकडे पोचलेले न्यूट्रॉन मोजणारे शोधक ठेवायचे. यजमान देशाने शोधकांमध्ये आधीच एक नोंद भरून ठेवायची, अस्त्राच्या छायेची बरोबर उलटी. अस्त्र खरं असेल तर भरलेली नोंद आणि नवी नोंद मिळून सगळीकडे सारखाच आकडा येतो, त्यातून रचनेविषयी काहीच कळत नाही. नकली असेल तर कुठेतरी कमीजास्त होतं. यजमानाने नोंद भरतानाच लबाडी केली तर? म्हणून शोधकांचा कुठला संच क्षेपणास्त्रावरून उतरवलेल्या नमुना-अस्त्रासाठी वापरायचा आणि कुठला समोरच्या वस्तूसाठी, हे परीक्षक ऐनवेळी ठरवतो.

पुढे पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांवर हे करूनही पाहिलं गेलं. खऱ्या अस्त्रापर्यंत पोचायला मजल लांबची आहे. पण 'पडताळणी अशक्य म्हणून निःशस्त्रीकरण अशक्य' ही सबब आता पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही.

सरळरेघ

@कणाद, माहिती उत्तम. पण धाग्याच्या मूळ दाव्याला तडा देणारं उदाहरण आपल्याच दारात आहे.

३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. कारगिल झालं, तरी झाली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सैन्यं सीमेवर होती, तरी १ जानेवारी २००२ ला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. यात पडताळणीचं एकही कलम नाही. यादी खरी की अपुरी, कुणीही तपासत नाही. करार टिकला कारण तो मोडणं दोघांनाही परवडणार नाही. याला जरब म्हणतात, संवाद नव्हे.

दक्षिणायन

शेजाऱ्यांचंच उदाहरण हवं तर ब्राझील आणि अर्जेंटिना बघा. दोघांचेही गुप्त अणुकार्यक्रम होते आणि दोघांनाही दुसऱ्याचा संशय होता. १९८३ मध्ये दोन्हीकडच्या भौतिकशास्त्र संघटना एकत्र आल्या, बॉम्बविरोधात उभ्या राहिल्या, आणि एकमेकांच्या केंद्रांची तपासणी व्हावी ही कल्पना लावून धरली. ब्राझीलच्या लुईझ पिंगेली रोझा यांच्यासारखे लोक आपल्याच लष्कराच्या कार्यक्रमावर उघड टीका करत होते. १९८७ मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष सार्नेय यांना अर्जेंटिनाने पिल्कानियेऊचं युरेनियम समृद्धीकरण केंद्र दाखवलं. १९९१ मध्ये दोघांची संयुक्त तपासणी संस्था स्थापन झाली. तिचं काम आजही चालू आहे. ब्राझीलच्या केंद्रात अर्जेंटिनाचे तपासनीस जातात, अर्जेंटिनाच्या केंद्रात ब्राझीलचे.

सरळरेघ

अर्जेंटिनातली लष्करशाही १९८३ मध्ये गेली, ब्राझीलची १९८५ मध्ये. लोकशाही आली म्हणून हे झालं. शिवाय दोघांकडेही तयार बॉम्ब नव्हता. नसलेली वस्तू सोडणं सोपं.

धुकं

एक मुद्दा कुणीच घेतला नाही. संवाद दोन्हीकडच्या मोकळ्या माणसांत व्हावा लागतो. १९७३ मध्ये सोव्हिएत अकादमीच्या ४० सभासदांनी सरकारवर टीका करणारे भौतिकशास्त्रज्ञ सखारोव यांच्याविरुद्ध पत्रक काढलं. जानेवारी १९८० मध्ये त्यांना गोर्कीला हद्दपार केलं, आणि त्याच अकादमीचे प्रतिनिधी परदेशातल्या शांतता परिषदांना जात राहिले. समोरच्या खुर्चीत कोण बसणार हे समोरचं सरकार ठरवत असेल, तर बोलणं नक्की कुणाशी चाललंय?

मृगनक्षत्र

धुकं, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड. माझं उत्तर असं: मतं पढवून पाठवता येतात, भूकंपाचा आलेख पढवून पाठवता येत नाही. म्हणून बंदिस्त देशातल्या शास्त्रज्ञाशी राजकारणावर बोलून फारसं निघत नाही, उपकरणांवर बोलून निघतं. तरी सखारोव यांच्याबद्दल परिषदांनी अधिक ठाम बोलायला हवं होतं, असं मलाही वाटतं.

सरळरेघ, लोकशाही आली म्हणून ब्राझील-अर्जेंटिनाचं झालं, हे अर्धं खरं. लोकशाही आल्यावर कोणती यंत्रणा उभी करायची हा प्रश्न आला, तेव्हा परस्पर तपासणीचा विचार आधीच कुणीतरी मांडून ठेवलेला होता. आणि भारत-पाकिस्तान याद्यांबद्दल तुम्हीच लिहिलंत की यादी अपुरी आहे की नाही ते कुणालाच ठाऊक नाही. हल्ला न करण्यापुरतं ते चालतं. अस्त्रं कमी करायची झाली तर तेवढ्यावर भागेल का?

कोरडी_विहीर, सुलेमेनोव यांचा उल्लेख हवाच होता. पण चळवळीला आणि करारांना पुराव्याची गरज संपत नाही. आण्विक हिवाळ्याचंच घ्या, म्हणजे अणुयुद्धातल्या आगींची काजळी वर जाऊन सूर्यप्रकाश अडवते आणि पृथ्वी थंड होते ही शक्यता. रटगर्सचे ॲलन रोबॉक आणि त्यांचे सहकारी म्हणतात की भारत-पाकिस्तान युद्धानेसुद्धा जगाची पिकं कोसळतील. अमेरिकेच्या लॉस ॲलमॉस अण्वस्त्र-प्रयोगशाळेच्या २०१८ च्या अभ्यासानुसार तेवढी काजळी वर पोचणारच नाही. याचा निवाडा घोषणांनी होणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने अणुयुद्धाच्या परिणामांवर २१ तज्ज्ञांचं स्वतंत्र मंडळ नेमायचं ठरवलं. ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने विरोधात मत दिलं. नुसत्या अभ्यासाला तीन अण्वस्त्रधारी देशांनी विरोध करावा, यातच सगळं आलं.

कोरडी_विहीर

त्या मंडळाचं मी स्वागतच करते. त्यांचा अहवाल २०२७ मध्ये यायचा आहे. मी एवढंच बघणार आहे की काजळीच्या गणितासोबत सेमिपालातिंस्क आणि अमेरिकेने चाचण्या केलेल्या मार्शल बेटांवरच्या लोकांच्या वैद्यकीय नोंदी त्यात येतात की नाही, आणि त्या लिहिताना तिथल्या माणसांना विचारलं जातं की नाही. तुमच्या मोजमापात ते बसणार असेल, तर या एका मुद्द्यापुरती मी तुमच्या बाजूने.

सरळरेघ

अहवाल आल्यावर मीही वाचेन. पण तो वाचून आपण एकसुद्धा अस्त्र कमी करावं का, यावर माझं उत्तर आज 'नाही' आहे. चीनच्या साठ्याची कणाद यांनी सांगितलेली तपासणी खरोखर सुरू झाली, तर हा प्रश्न मला परत विचारा.