एअरबॅगचा दिवा विझत नाही? तुमचा अनुभव लिहा

चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. विझला नाही, तर यंत्रणेला स्वतःतच कुठेतरी दोष सापडलेला असतो. अशा वेळी अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. नाशिकमध्ये बऱ्याच जणांना ‘रिसेट मारून देतो’ एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून हा धागा. दोष कुठे होता आणि तो कसा सापडला, हे आधी लिहा. दिवा कसा घालवला ते नंतर. गॅरेजचं नाव नको.

इंदिरानगर
गाडी आतून धुऊन-पुसून आणली आणि दिवा लागला तो लागलाच. मुंबई नाक्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने काहीही उघडण्याआधी स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. ड्रायव्हरच्या बाजूच्या साइड एअरबॅगच्या सर्किटचा कोड आला. सीटखाली पिवळा कनेक्टर असतो, तो सीट मागे-पुढे ओढताना सैल झाला होता. त्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि नुसता थांबून राहिला. मी विचारलं, “दादा, थांबायचं कशाला?” म्हणाला, “अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून मॉड्यूलमधला, म्हणजे एअरबॅगच्या कंट्रोल बॉक्समधला, वीज साठवणारा कपॅसिटर चार्ज धरून ठेवतो. तो उतरेपर्यंत पिवळ्या वायरला हात नाही लावायचा.” किती मिनिटं थांबायचं ते प्रत्येक कंपनी आपल्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये देते. मग पिना साफ केल्या, कनेक्टर लॉक होईपर्यंत दाबला, सीट सरकली तरी ताण येऊ नये अशी वायर बांधली आणि शेवटी कोड पुसला. त्यानंतर कसारा घाट कितीदा उतरलो, दिवा परत आला नाही. असा शांतपणे काम करणारा माणूस मिळणं हे भाग्यच.

ओझर
उंदीर! बागेच्या शेडमध्ये गाडी उभी असते. कार्पेटखालची वायर कुरतडली होती.

गंगापूर रोड
आमच्याकडे दिव्यासोबत हॉर्नही बंद पडला, स्टिअरिंगवरची बटणंही. या तीन गोष्टी एकत्र आल्या तर क्लॉक स्प्रिंगवर पहिला संशय घ्या. स्टिअरिंग फिरलं तरी वायर तुटू नये म्हणून आत गुंडाळलेली पट्टी असते, ती झिजून तुटते. नवीन बसवताना चाकं सरळ आणि स्प्रिंग बरोबर मध्यावर हवी; नाहीतर पूर्ण वळण घेताना नवीन पट्टीही तुटते.

सातपूर (वर्कशॉपमध्ये काम करतो)
कळकळीने सांगतो, एअरबॅगला मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स मोजू नका. मीटरच्या करंटनेही ती फुटू शकते. रात्रभर बॅटरी काढून ठेवण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो, पण बहुतेक गाड्यांत हा कोड कायमच्या मेमरीत बसतो, बॅटरी काढून जात नाही. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. एअरबॅगचे कोड बी अक्षराने सुरू होतात, ते वाचणारा स्कॅनर लागतो. आणि कोणी एअरबॅगच्या जागी रेझिस्टर (विजेला ठराविक अडथळा देणारा छोटा भाग) लावून दिवा घालवून देतो म्हणाला, तर गाडी तिथून काढा. मॉड्यूलला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, प्रत्यक्षात तिथे काहीच नसतं.

पंचवटी
दोष लपवण्याचा आणखी एक प्रकार मी सेकंडहँड गाडी बघताना पाहिला. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही! विकणारा म्हणाला, “बघा ताई, काही फॉल्ट नाही.” पण निरोगी गाडीत तो क्षणभर लागायलाच हवा. गाडी घेतली नाही. १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे आता जुन्या बाजारातल्या साध्या गाडीतही हे तपासा. पुराच्या पाण्यातून आलेली गाडी असेल तर जास्तच. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल गिअरजवळ, अगदी तळाशी असतं. २०१९च्या पुरात आमच्या भागात पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल.

नाशिकरोड
माझा खर्च फक्त बॅटरीचा. सेल्फ जड चालला होता, व्होल्टेज पडल्याचा कोड होता. नवीन बॅटरी टाकून कोड पुसला. बिलावर कोडचा नंबर लिहून घेतलाय, पुन्हा दिवा लागला तर तोच कोड आहे की दुसरा, हे लगेच कळेल.